आमचा ब्रिटिश पब बर दुबईतून टेकॉमला गेला, त्याला आठ महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

पबचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहितेय त्यांना दोन ओळींत कळेल, आणि खाली तक्रारी बऱ्याच आहेत, तर उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. उघडल्या उघडल्या पहिल्याच आठवड्यात लिहिणार होतो, पण तेव्हा नुसता राग निघाला असता. आता आठ महिने जाऊन येऊन झालंय, तेव्हा शांतपणे लिहितो (बघू किती जमतंय ते).

जुना पब बर दुबईत, बुर्जुमानच्या मागच्या बाजूला एका म्हाताऱ्या चार स्टार हॉटेलच्या तळमजल्यावर होता. मी मनखूलला राहतो, घरातून चालत नऊ मिनिटं. बुटका सीलिंग, मरून रंगाचं कार्पेट ज्याचा मूळ रंग मरून होता की नाही कोणालाच माहीत नाही, पितळी रेलिंग, एक लाल टेलिफोन बूथ ज्यात झाडू ठेवायचे, आणि कायम एक वास, सिगरेट, तळण आणि सांडलेली बियर मिळून होतो तो. पहिल्यांदा ऑफिसातल्या एका स्कॉटिश सहकाऱ्याने नेलं होतं तेव्हा मला वाटलं अरे ही तर आपली परमिट रूम, फक्त चकल्यांच्या जागी चिप्स.

बंद का झाला हे बरेच जण विचारतात. धंदा नव्हता म्हणून नाही, धंदा होता. पण दुबईत बहुतेक पब हॉटेलच्या पोटातच असतात, लायसन्स त्या वास्तूला चिकटलेलं, त्यामुळे पब कितीही चालो, हॉटेल विकलं, पाडलं, नाहीतर मालकाच्या मनात आलं की पब गेला. इथला एकदम जुना ब्रिटिश पब म्हणजे रेड लायन, १९७९ साली शेख झायेद रोडवरच्या मेट्रोपॉलिटन हॉटेलात सुरू झालेला, तेव्हा त्या भागात आजूबाजूला नुसती वाळू. २०१२ मध्ये हॉटेलच पाडायला काढलं, आज तिथे अल हब्तूर सिटीचे टॉवर उभे आहेत. आता मी मेट्रोने नव्या पबला जातो तेव्हा बिझनेस बे सोडलं की कॅनॉलवरून गाडी जाते आणि ते टॉवर दिसतात, आणि दर वेळी डोक्यात येतं की आपलं तर निदान सामान तरी हललं. आमच्या हॉटेलचा मालक बदलला, नव्याला फॅमिली हॉटेल अपार्टमेंट करायचं होतं, दारू नको, विषय संपला.

शेवटची तारीख ठरली रमजान लागायच्या आदल्या शुक्रवारची, २८ फेब्रुवारी २०२५. त्याच आठवड्यात बुधवारी लाहोरला चॅम्पियन्स ट्रॉफीत इंग्लंड-अफगाणिस्तान मॅच होती. हॉटेलचा सिक्युरिटी गार्ड पठाण, तो पबमध्ये पाऊल टाकायचा नाही, पण त्या रात्री दार चार बोटं उघडं ठेवून बाहेरूनच टीव्हीकडे बघत उभा. इब्राहिम झादरानने आधीच १७७ कुटलेले. इंग्लंड ८ रननी हरलं, अख्ख्या पबचा चेहरा पडला, आणि मग कोपऱ्यातल्या स्टुलावरचा आमचा म्हातारा (तिसेक वर्षं दुबईत, जहाजांशी काहीतरी संबंध, आम्ही त्याला कॅप्टनच म्हणायचो) उठला, बारवरून एक पेप्सी घेतली आणि दारात जाऊन त्या गार्डच्या हातात दिली. बोलला काही नाही. पेप्सी देऊन परत येऊन बसला.

तर असा तो पब. आता नवा.

मे महिन्यात टेकॉमला, म्हणजे हल्लीचं बार्शा हाइट्स, एका नव्या हॉटेलच्या पोडियमवर उघडला. मॅनेजमेंटने अभिमानाने सांगितलं की जुना बार काउंटर तुकडे करून आणलाय, आणि खरंच आणलाय, जोड दिसतो, तिसऱ्या पंपाजवळ बोट फिरवलं की लागतो. पितळी रेलिंग तेच. टेलिफोन बूथ तोच, फक्त रंगवून आत लाइट लावलाय आणि पोरंपोरी त्यात फोटो काढतात, झाडूंची सोय दुसरीकडे केली असावी. कॅप्टनचं स्टूलही आणलंय. पण कार्पेट नाही आणलं, आणि माझ्या मते अर्धा पब त्या कार्पेटमध्येच होता. हसू नका. नव्या जागेत सीलिंग दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढं उंच, वर काळे रंगवलेले एसीचे डक्ट, खाली पॉलिश काँक्रीट, एका बाजूला पूर्ण काच. आवाजाला शोषून घेईल असं काही म्हणता काही नाही. चाळीस माणसं बसली की लोकलच्या डब्यासारखा कल्ला, समोरच्याला ओरडून सांगावं लागतं, तो पण ओरडतो, मग शेजारचं टेबल आणखी जोरात ओरडतं. जुन्या पबात शंभर माणसांत कुजबुजता यायचं.

बियर मात्र सुधारलीय, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. जुन्या जागेत पिंप तळघरात आणि नळ वर, मधे ही लांबलचक पाइप, दुपारचा पहिला पाइंट म्हणजे रात्रभर पाइपात झोपलेली बियर. जाणकार लोक दुसऱ्या कोणाला तरी आधी ऑर्डर करू द्यायचे. इथे पिंप काउंटरच्या मागेच, पाइप छोटा आणि लाइन वेळेवर धुतात, पिऊन झाल्यावर ग्लासाला फेसाचे कडे राहतात त्यावरून कळतं. गिनेस नीट दोन टप्प्यांत भरतात, आधी पाऊण, मग थांबून वरचं. ते लाकडी हँडलचे पंप पूर्वीही शोभेचे होते, आताही शोभेचेच आहेत, इंग्लंडसारखं पिंपातच मुरलेलं एल (तिकडची पारंपरिक बियर) इकडे कधी नव्हतंच, तेव्हा तो दोष नव्या जागेचा नाही.

पण माप! जुने ग्लास होते त्यांच्या काठाखाली छोटासा मुकुट आणि 'पाइंट' असं कोरलेलं असायचं, म्हणजे ५६८ मिली, हिशोब पक्का. नव्या जागेत बारीक कमरेचे देखणे ग्लास आलेत. जूनमध्ये मला शंका आली, ग्लास उलटा करून बघितला तर तळाला ५००. मेनूत लिहिलंय पाइंट. वेटरला विचारलं तर म्हणाला सर, सेम सेम. सेम नाहीये बाबा, ६८ मिली म्हणजे एक मोठा पेग जास्तच झाला. आणि भाव बघा, जुन्या जागेत हॅपी अवरला ३० दिराम, इकडे ५६. आता जानेवारी २०२५ पासून दारूवरचा ३० टक्के कर दुबईत परत आलाय, दोन वर्षं माफ होता, तेव्हा सगळीकडेच वाढलंय हे मान्य, पण एवढं सगळं कराच्या माथी मारता येत नाही.

खाणं. फिश अँड चिप्स चांगले, पीठ कुरकुरीत, मटारचा लगदा अगदी तसाच हिरवागार. पाय (इंग्रजीतला pie, सारण भरून भाजलेला) पण ठीक. रविवारच्या रोस्टने (भाजलेलं मांस, ग्रेव्ही आणि सोबत फुगलेलं बिनगोडाचं यॉर्कशायर पुडिंग) मात्र घात केला. जुन्या पबात स्वयंपाकघर स्वतःचं, आचारी कोट्टायमचा, बावीस वर्षं फक्त हेच करत आलेला, त्याचं यॉर्कशायर पुडिंग असं फुगायचं की ग्रेव्ही ओतायला वाटी मिळायची. त्यानेच मला सांगितलेलं, चरबी धूर येईपर्यंत तापवायची, मग पीठ ओतायचं, आणि ओव्हनचं दार मधे उघडायचं नाही म्हणजे नाही. इकडे हॉटेलचं एकच मोठं किचन, त्याच ओव्हनमधे पिझ्झा, त्याच ओव्हनमधे लॉबीतल्या कॅफेचे क्रॉसाँ, दार सारखं उघडझाप. पुडिंग येतं ते बसलेलं. पुरी फुगली नाही की माझ्या आईचा चेहरा व्हायचा तसा माझा झाला. तीनदा मागवून बघितलं, चौथ्यांदा नाही.

सिगरेट आत बंद, हा माझ्या दृष्टीने मोठा प्लस, कपडे दुसऱ्या दिवशी घालता येतात. बाहेर टेरेस दिलीय. नोव्हेंबर ते मार्च ती टेरेस म्हणजे स्वर्ग, जुलैत तिथे कोणी बसलेलं दिसलं तर पाणी नेऊन द्या.

डार्ट्सचं (गोल बोर्डावर छोटे बाण फेकायचा खेळ) सांगायलाच हवं कारण हसू येतं. बोर्ड बरोबर मापाने लावलाय, मधला ठिपका जमिनीपासून १.७३ मीटर, फेकणाऱ्याने उभं राहायची रेघ २.३७ मीटरवर, पण ती जागा आहे टॉयलेटच्या रस्त्यात. म्हणजे तुम्ही नेम धरलाय आणि मधून कोणीतरी पोट धरून पळतंय. दोन महिन्यांनी एक छोटी घंटी लावली, जाणाऱ्याने वाजवून जायचं. कोणी वाजवत नाही.

टीव्हीबद्दल मात्र फुल मार्क. शनिवारी दुपारी तीनच्या प्रीमियर लीगच्या मॅचेस खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवायला बंदी असते, लोकांनी स्टेडियमला जावं म्हणून जुना नियम, आणि इकडे दुबईत त्या सगळ्या दिसतात, त्यामुळे तिकडून सुट्टीवर आलेले गोरे आधी चक्रावतात आणि मग उठतच नाहीत. नवा स्क्रीन भिंतभर आहे. ४ ऑगस्टला, सोमवार, माझी टेकॉममध्येच क्लायंट मीटिंग होती, ती दीडला संपली आणि भारत-इंग्लंड ओव्हल टेस्टचा शेवटचा दिवस दुबईच्या वेळेने दोनला सुरू. इंग्लंडला ३५ रन हवेत, चार विकेट हातात. बॉसला मेसेज केला की मीटिंग लांबलीय. पबमध्ये आम्ही पाचच, मी आणि मंगलोरचा एक जण, बाकी तिघं इंग्रज. बारमनने न सांगता म्युझिक बंद केलं. वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून बॅटिंगला उतरला तेव्हा ते तिघं उभे राहिले, मग आम्ही दोघं पण उभे राहिलो, आणि मग बसायचं कोणाला सुचलंच नाही. सिराजने अ‍ॅटकिन्सनचा स्टंप उडवला. ६ रननी जिंकलो! मी ओरडलो तो आवाज त्या काँक्रीटमध्ये असा घुमला की किचनमधून माणूस बाहेर आला. त्या एका तासासाठी मी या जागेचं बरंच माफ केलंय.

पण एक गोष्ट जमली नाही आणि ती कोणत्याच मॅनेजरच्या हातात नाही. पूर्वी मी ठरवून जायचो नाही. दूध आणायला खाली उतरायचो आणि अर्ध्या पाइंटला डोकावायचो. आता मेट्रोने अर्धा तास, वर स्टेशनपासून चालणं. गाडी न्यायची नाही, इथे पिऊन चालवायला माफी शून्य, एक घोटसुद्धा नाही, आणि ते योग्यच आहे. मधल्या वारी मेट्रो रात्री १२ पर्यंत, म्हणजे पावणेबाराला सिंड्रेलासारखं पळायचं नाहीतर टॅक्सीत दोन पाइंटचे पैसे घालायचे. तुलना करू नये, आई रागावेल, पण बर दुबईतलं शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये जेबेल अलीला हललं तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या काकू हेच म्हणाल्या होत्या. नवं देऊळ मोठं, स्वच्छ, पार्किंग आहे, सगळं आहे, पण दर सोमवारी चालत जात होते ते आता महिन्यातून एकदा, कोणाची गाडी निघाली तर. पबवाल्यांचं गणितही बरोबर आहे म्हणा, गोरे सगळे मरीना, स्प्रिंग्ज तिकडे राहतात, गिऱ्हाइकाच्या मागे दुकान गेलं. आम्ही बर दुबईवाले त्या गणितात नव्हतो, एवढंच.

माणसंही सगळी हलली नाहीत. बारमन काणकोणचा, मला बघितलं की "पात्राव, कितें दिवूं?" (मालक, काय देऊ?) आणि उत्तराची वाट न बघता हात नळाकडे. नव्या हॉटेलने त्याला घेतलं नाही, त्यांचा स्टाफ आधीच भरलेला. तो आता देऱ्यात एका हॉटेलच्या रूफटॉपवर आहे, तिथे बियर बाटलीतली. कोट्टायमचे आचारी गावी गेले ते गेलेच. कॅप्टन नव्या जागेत दोनदा आला. दुसऱ्या वेळी मी होतो, त्याचं स्टूल खांबाला लागून ठेवलंय जिथून टीव्ही दिसत नाही. बसला, काउंटरच्या त्या जोडावरून बोट फिरवलं, अर्धा पाइंट प्यायला, बिल बघून भुवया वर केल्या आणि मला म्हणाला, फोन बूथ छान दिसतोय.

मग जावं की नाही? टेकॉम, मरीना, जेएलटीला (जुमेरा लेक टॉवर्स) राहत असाल तर बिनधास्त जा, मॅच बघायला तर नक्कीच, फिश अँड चिप्स घ्या, रोस्ट टाळा, पाइंट मागवण्याआधी तळ बघा. शुक्रवारी आठनंतर बोलायचं असेल तर जाऊ नका. बर दुबई, करामावाल्यांनी सीझनला एखादी फेरी मारावी.

मंगळवारची क्विझ अजून चालू आहे, पण तीही बदलली. आधी कागद-पेन्सिल, प्रत्येक राउंडनंतर तपासायला आपला कागद शेजारच्या टेबलला द्यायचा, त्यातून किती भांडणं आणि किती ओळखी, सांगलीचा एक मित्र मला तसाच मिळाला, माझं स्पेलिंग त्याने कापलं होतं. आता क्यूआर कोड, प्रत्येक जण आपापल्या फोनमधे मान घालून, मार्क आपोआप स्क्रीनवर. आमची टीम चार जणांची होती, हल्ली दोघं येतो. आणि अ‍ॅपमध्ये टीमच्या नावाला बाराच अक्षरं मिळतात, स्पेस धरून, इंग्रजीत. आमचं नाव गेली सहा वर्षं वडापाव युनायटेड. परवा स्क्रीनवर सातव्या नंबरला आलो, वडापाव युनिट म्हणून.