एन-थ्रीचं व्याकरण मराठीतून: रत्नागिरीतल्या एका वर्गाबद्दल

जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी झाली, आता पुढच्या एन-थ्रीसाठी कुठे शिकू, असं कुणी विचारलं की मी सरळ माळनाक्याजवळच्या संध्याकाळच्या वर्गात पाठवते. आठवड्यातून तीन दिवस, सहा ते साडेसात, फी महिना १,५०० रुपये. बाई एकट्याच शिकवतात, आणि शिकवतात मराठीतून. माझ्या मते या वर्गाचं सगळं मोल त्या मराठीत आहे.

मी मिरजोळे एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे सुरिमी होते: राणी माशाचा खिमा गार पाण्यात धुवायचा, स्क्रू प्रेसवर पाणी काढायचं, साखर वगैरे मिसळायची आणि दहा-दहा किलोच्या लाद्या करून गोठवायच्या. जपानचे खरेदीदार माल बघायला येतात तेव्हा दुभाषा असतोच. पण ते आपसात हळू आवाजात जे बोलतात, तेच आमच्या कामाचं असतं. एकदा लादीचा तुकडा बोटांनी दाबत त्यांच्यातले एक जण म्हणाले, "इरो गा वारुइ तो इउ योरी, मुशिरो सुइबुन गा ओओइ." रंग वाईट म्हणण्यापेक्षा, पाणीच जास्त आहे. ज्याला यातलं फक्त ‘रंग’ आणि ‘वाईट’ एवढंच कळेल, तो धुलाईच्या टाक्या तपासत बसेल, आणि प्रेसवर पाणी नीट निघत नाहीये हे कुणी बघणारच नाही. वाक्याचं सगळं वजन ‘मुशिरो’च्या पुढे आहे.

हा ‘मुशिरो’ एन-थ्रीच्या पातळीवर येतो आणि बहुतेक जण तिथे अडखळतात, कारण पुस्तकं आणि ॲप बहुतेक इंग्रजीतून असतात. इंग्रजीत आधी पसंतीची गोष्ट येते आणि नाकारलेली मागून. जपानीत आधी नाकारायचं, मग ‘योरी’, मग जे खरं ते. मराठीत आपण जन्मापासून असंच बोलतो. बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘तो इउ योरी’ लिहून त्याचे तीन तुकडे केले: तो म्हणजे असं, इउ म्हणजे म्हणणं, योरी म्हणजे पेक्षा. असं म्हणण्यापेक्षा! बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता, त्याकडे बोट दाखवून त्यांनी वाक्य करायला लावलं. "आमे तो इउ योरी, मुशिरो ताकि दा." पाऊस म्हणण्यापेक्षा धबधबाच. वर्गात नर्सिंग झालेल्या दोघी आहेत, आयटीआयचा एक मुलगा आहे. एकालाही वहीत बघावं लागलं नाही.

पुढचा धडा याहून सरस. नुसता ‘मुशिरो’ नव्या वाक्याच्या सुरुवातीला आला तर तो आपला ‘उलट’: "त्सुकारेते इमासेन. मुशिरो गेन्कि देसु." थकले नाही, उलट ताजीतवानी आहे. समोरच्याचा अंदाज खोडून काढायचा असेल तिथेच तो शोभतो. आणि दोन्ही गोष्टी नकोशा असतील, पण त्यातली एक अगदीच सहन होणार नसेल, तर ‘कुराइ नारा’. हा फक्त क्रियापदाच्या मूळ रूपाला लागतो आणि वाक्याच्या शेवटी बहुतेक वेळा ‘माशि’ येतो. "फुरुइ साकाना ओ ताबेरु कुराइ नारा, नानि मो ताबेनाइ हो गा माशि दा." शिळी मासळी खाण्यापेक्षा उपाशी राहिलेलं परवडलं. ‘माशि’ला ‘परवडलं’ म्हणणारी शिक्षिका मला दुसरीकडे भेटली नाही. ‘जास्त चांगलं’ असा अर्थ पाठ केला की त्यातला वैताग निघून जातो आणि वाक्य बेचव होतं.

बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती कारखान्यात रोज उपयोगी पडते. पाहुण्यांनी चहा की कॉफी विचारलं तर ‘मुशिरो’ वापरायचा नाही, समोरच्याला खोडल्यासारखं वाटतं. "दोचिरा का तो इएबा, कोही नो हो गा" एवढं म्हणून वाक्य अर्धवट सोडायचं. दोनातलं विचाराल तर कॉफी... कोकणात पाहुण्याघरी आपण तरी कुठे स्पष्ट मागतो?

परीक्षेच्या अंगानेही ही पद्धत कामाची आहे. जेएलपीटी, म्हणजे हीच जपानीची परीक्षा, वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि आपल्याला जवळचं केंद्र पुणे किंवा मुंबई. एन-थ्रीला १८० पैकी ९५ गुण लागतात आणि तिन्ही भागांत प्रत्येकी ६० पैकी निदान १९. व्याकरणात चार तुकडे जुळवून चांदणीच्या जागी कोणता येतो ते ओळखायचं असतं. तिथे बाई म्हणतात, आधी ‘योरी’ शोधा, त्याच्या मागे नाकारलेलं ठेवा, पुढे ‘मुशिरो’, आणि मग मराठीत वाचून बघा. कान लगेच सांगतो.

उणिवा आहेत. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, इथे जवळजवळ शिकवत नाहीत, घरी करा म्हणतात, आणि एन-थ्रीला कांजी कच्ची असेल तर वाचनात वेळ पुरत नाही. ऐकण्याचा सराव मोबाइलच्या स्पीकरवर होतो. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मागच्या बाकावर काही म्हणजे काही कळत नाही, म्हणून पुढे बसायला लवकर जावं. मे महिन्यात वर्ग बंद असतो, अर्ध्या मुलांच्या घरी आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात, ते समजण्यासारखं आहे. पण जुलैची परीक्षा देणाऱ्यांसाठी बाईंनी त्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी ऑनलाइन बसवावं, असं मी त्यांना सांगितलं आहे आणि इथेही लिहिते.

अगदी नवशिक्यांनी इथे येऊ नये, हिरागाना-काताकाना, म्हणजे जपानीच्या दोन सुरुवातीच्या लिप्या, पक्कं नसेल तर दमछाक होईल. ज्यांचं एन-फोर झालंय आणि ज्यांना जपानी माणसाशी कामाचं बोलायचंय, त्यांनी एक दिवस नुसतं बसून बघावं. बाई त्याचे पैसे घेत नाहीत.