आयफोन ११ ठेवायचा की १५ घ्यायचा? खरा फरक फुटाळा तलावावर कळला

"मामा, फक्त कॅमेऱ्यासाठी फोन बदलू का?" भाचीने विचारलं. तिच्याकडे २०१९ चा आयफोन ११, माझ्याकडे २०२३ चा १५. एका रविवारी दोन्ही फोन घेऊन आम्ही नागपुरात फिरलो. सोबत तिचा दोन वर्षांचा पोरगा होता.

सकाळी झिरो माइल. तिथले घोडे दोन्ही फोनमध्ये सारखेच सुरेख आले. भर उन्हात ११ मागे पडत नाही. ११ चे १२ मेगापिक्सेल आता कमी पडतात अशी तिची समजूत होती. पण तो फोटो ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा असतो. ए-फोर कागदावर छापला तरी दर इंचाला ३०० पिक्सेल आरामात मिळतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर तिथे तो लहान होतोच.

दगडावर कोरलेली गावांची नावं मात्र थोडं दूर उभं राहून दोनपट झूमने टिपली, तेव्हा फरक दिसला. १५ चा मुख्य सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, ४८ मेगापिक्सेलचा आहे. त्याचा नुसता मधला भाग घेतला तरी पूर्ण १२ मेगापिक्सेल हातात येतात. ११ ला टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, लेन्स नाही, त्यामुळे तो चित्र ताणून मोठं करतो आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात.

मग संध्याकाळी फुटाळा. दिवे लागले होते, पोरगा काठाने धावत होता, आणि ११ मधला त्याचा चेहरा प्रत्येक फोटोत धूसर. नाइट मोड, म्हणजे कमी उजेडात फोटो काढायची सोय, दोघांतही आहे, पण तो शटर बराच वेळ उघडं ठेवतो. तेवढा वेळ तळ्याकाठचे दिवे स्थिर राहतात, दोन वर्षांचं पोर राहत नाही. इथे सेन्सरचा आकार कामी येतो. ११ चा एक पिक्सेल १.४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १५ मध्ये चार पिक्सेल एकत्र येऊन २ मायक्रॉनच्या एका मोठ्या पिक्सेलसारखं काम करतात. म्हणजे उजेड झेलायची जागा जवळपास दुप्पट. तेवढ्याच उजेडात शटर लवकर मिटतं आणि चेहरा स्पष्ट येतो. घरातल्या ट्यूबलाइटखालीही तेच. माझ्या मते पैसे मोजायचे ते एवढ्यासाठीच.

जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या अल्ट्रा-वाइड लेन्सने काठावरची गर्दी घ्यायची असेल, तर ११ मध्ये त्या लेन्सला नाइट मोड नाही, १५ मध्ये आहे. सेल्फीला १५ मध्ये ऑटोफोकस आहे, म्हणून आई-लेकाचे जवळून घेतलेले चेहरे नीट येतात. साठवणुकीत आयफोन ११ हा ६४ जीबीपासून सुरू होतो, १५ हा १२८ पासून, पण १५ चे फोटोही जड असतात.

एक गोष्ट मात्र आधी करा: लेन्स पुसा. भाचीच्या फोनमध्ये दिव्यांभोवती धुकट वलयं येत होती. सुती रुमालाने काच स्वच्छ केली आणि बरीचशी गेली. राहिलेली काचेवरच्या ओरखड्यांची असणार.

तिने १५ घ्यायचं ठरवलं. ११ आता काटोलला ताईकडे जाईल. ताई दुपारी बागेत संत्र्यांचे फोटो काढते, तेही उन्हातच.