मिनरल फाउंडेशन आणि प्रायमर : पावसाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

पर्समध्ये मिनरल फाउंडेशनची, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या सुट्या पावडरची, डबी आडवी झाली, आतली जाळी निखळली आणि आठ ग्रॅममधली निम्मी पावडर पर्सच्या अस्तरात गेली. १,३५० रुपयांची डबी! त्यामुळे पावडर कशी आहे हे नंतर, आधी जाळीबद्दल. फोटोत ती दिसत नाही आणि विकत घेताना कुणी विचारतही नाही.

सुट्या पावडरच्या डबीत झाकणाखाली प्लास्टिकची चकती असते, तिला दहा-बारा भोकं, हीच ती जाळी. माझ्या डबीत ही चकती नुसती दाबून बसवलेली होती. नवीन असताना भोकांवर चिकटवलेलं सील असतं, ते एकदा काढलं की संपलं. मग डबी जराशी हलली तरी पावडर भोकांतून वर येते, झाकण उघडताना भसकन उडते. काळ्या कुर्त्यावर पडली तर झटकून जात नाही, उलट पसरते. चकती फिरवून भोकं बंद करता येतात अशा डब्या मिळतात. शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी तीच घ्या. तोवर मेडिकलमध्ये मिळणारी कागदी मायक्रोपोर पट्टी भोकांवर लावा आणि दोनच भोकं उघडी ठेवा. पावडर वाया जायची थांबते.

कंपनीला फोन केला तर आधी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. डबी वापरात असताना मोडली, तर पार्सल उघडतानाच्या व्हिडिओचा संबंध काय? मग कळवलं की चिपळूणच्या पिनकोडवरून परतीचं पार्सल उचलत नाहीत, तुम्हीच कुरिअर करा, खर्च कूपनमध्ये देऊ. डबी इथे पोचवायला पिनकोड चालतो आणि परत न्यायला चालत नाही, हे मला मान्य नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. मेलमध्ये तेवढं लिहिलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर नवी डबी आली, काही परत न पाठवता. बाहेरगावच्या बायकांनो, हा नंबर लिहून ठेवा. पाचशे-हजारासाठी कोण भांडणार म्हणून आपण सोडून देतो आणि कंपन्या त्याच भरवशावर असतात.

आता पावडर. मी शाळेत शिकवते, स्कूटरने जाते. म्हणजे घाम, हेल्मेट आणि खडूची धूळ. बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले ते गेले नाहीत. आमच्याकडच्या दमट हवेत लिक्विड फाउंडेशन मधल्या सुट्टीपर्यंत नाकाच्या कडेला गोळा व्हायचं. मिनरल पावडर तशी गोळा होत नाही. हेल्मेटच्या पट्ट्याखाली पुसली जाते, तेवढीच. रुमालाने घाम पुसण्याऐवजी टिपला, तर शाळा सुटेपर्यंत चेहरा नीट दिसतो. डाग पूर्ण झाकले जात नाहीत, फिके होतात. मला तेवढंच हवं होतं.

यात मुख्यतः अभ्रक, टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि रंगासाठी पिवळं, तांबडं, काळं आयर्न ऑक्साइड असतं. पाणी नसल्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हची फारशी गरज पडत नाही आणि बऱ्याच डब्यांत सुगंधही नसतो. पटकन पुरळ उठणाऱ्या त्वचेला हा खरा फायदा. मात्र काही कंपन्या चमक यावी म्हणून बिस्मथ ऑक्सिक्लोराइड घालतात. त्याने काही जणींना घाम आला की खाज सुटते. माझ्या बहिणीचं तेच झालं आणि तिची आख्खी डबी पडून आहे. खोक्यावरची यादी वाचूनच पैसे द्या.

वांग असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी मला त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितली. वांगाचे डाग फक्त अल्ट्राव्हायोलेट किरणांनी गडद होत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही होतात. तो प्रकाश अडवायला आयर्न ऑक्साइडचा उपयोग होतो आणि साध्या, बिनरंगाच्या सनस्क्रीनमध्ये ते नसतं. म्हणून सनस्क्रीन आणि त्यावर ही पावडर, ही जोडी मला पटली. पण डबीवर एसपीएफ १५ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) लिहिलंय म्हणून सनस्क्रीन सोडू नका. एसपीएफची चाचणी त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून करतात. एवढी पावडर कुणी चेहऱ्यावर थापत नाही.

रंग निवडताना घाई नको. टिटॅनियम आणि झिंक दोन्ही मुळात पांढरे, त्यामुळे गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर चुकीची शेड राखाडी दिसते. ‘मीडियम’ नावाच्या शेडमध्ये बऱ्याचदा गुलाबी झाक असते, आपल्यातल्या बहुतेकींना पिवळसर लागते. हातावर लावून काही कळत नाही. जबड्याच्या कडेला लावा, तासभर थांबा आणि खिडकीपाशी आरशात बघा. चेहऱ्याचं तेल पावडरीत मुरलं की रंग गडद होतो, म्हणून लावल्या लावल्या किंचित उजळ वाटणारी शेडच नंतर जुळते. लग्नात फ्लॅशचे फोटो असतील तर हात आखडता ठेवा. हीच पांढरी द्रव्यं फ्लॅशमध्ये चेहरा पिठासारखा दाखवतात.

प्रायमर, म्हणजे मेकअपच्या खाली लावायचा थर, मला जोडीच्या ऑफरमध्ये मिळालं, २० मिलीची ट्यूब ६५० रुपयांना. दिवाळीपर्यंत माझं ठाम मत झालं होतं की हे पैसे पाण्यात गेले. बहुतेक प्रायमर म्हणजे सिलिकॉन, डायमेथिकोन आणि त्याची भावंडं. ती छिद्रांवर बसतात, बोटाला चेहरा मखमली लागतो. पण माझ्या सनस्क्रीनवर लावलं की खोडरबर घासल्यावर पडतात तशा बारीक वळ्या निघायच्या आणि त्यावर पावडर टाकली की चट्टे.

एप्रिलमध्ये परीक्षांच्या पर्यवेक्षणाला उकाड्यात उभं राहताना मत बदललं. त्या वेळी सनस्क्रीन दहा मिनिटं सुकू दिलं आणि प्रायमर फक्त नाक आणि दोन भुवयांच्या मध्ये लावलं, ज्वारीच्या दाण्याएवढं, न चोळता दाबून. नाकावरची पावडर पेपर गोळा करेपर्यंत टिकली, आणि माझ्या नाकावर एरवी काहीच टिकत नाही. गालांवर मात्र प्रायमर लावलं काय आणि नुसतं मॉइश्चरायझर सुकू दिलं काय, काही फरक नाही. एका गालावर हे, दुसऱ्यावर ते असं करून बघितलं, स्टाफरूममध्ये कुणालाही ओळखता आलं नाही.

म्हणजे तेलकट नाक असेल किंवा दिवसभराचं लग्न असेल तर प्रायमर कामाचं, रोज आख्ख्या चेहऱ्याला लावायला अजिबात नाही. इतकं कमी लागतं की २० मिली संपत नाही. उघडल्यावर किती महिने वापरायचं हे सांगणाऱ्या उघड्या डबीच्या चिन्हात १२ महिने लिहिलेले असतात, त्या मुदतीत माझी ट्यूब अर्धीही होणार नाही. पाच-सात मिलीचं छोटं पॅक मिळालं तर तेच घ्या.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. अभ्रक. झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीह भागात आणि शेजारच्या बिहारमध्ये लहान मुलं अभ्रकाचे तुकडे वेचतात, हे वर्षानुवर्षं समोर येतंय. २०१७ मध्ये यासाठी रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह नावाची संस्थाही उभी राहिली. माझ्यासमोर रोज पाचवीची मुलं बसतात. त्यांच्या वयाचं कुणी माझ्या गालावरच्या चकाकीसाठी खड्ड्यात उतरत असेल, तर पावडर कितीही हलकी असो, मला ती जड होते. कंपनीला मेल करून विचारलं की तुमचं अभ्रक कुठून येतं. उत्तर आलं, ‘आमचे सर्व घटक त्वचेसाठी सुरक्षित आहेत.’ मी ते विचारलंच नव्हतं. आता पुढच्या डबीसाठी हाच प्रश्न आणखी तीन कंपन्यांना पाठवलाय. अभ्रकाचा ठावठिकाणा जी लेखी कळवेल, तिची डबी घेईन, मग ती दोनशे रुपयांनी महाग असली तरी चालेल.