ब्लेंडरचं 'निशिता' आकाश: निसर्गचित्रासाठी कितपत खरं?

खऱ्या निसर्गाच्या फोटोत संगणकावरचा प्रकाश मिसळायचा असेल, तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या स्काय टेक्स्चरमधला (आकाश आणि त्याचा प्रकाश बनवणाऱ्या साधनातला) निशिता पर्याय हाताशी हवाच. २०२० च्या २.९० आवृत्तीत तो आला, आणि फुकट आहे; ५.० आवृत्तीपासून त्याचं नाव 'सिंगल स्कॅटरिंग' झालं आहे.

सूर्याची उंची मात्र अंदाजाने टाकू नका. फोटोतला सपाट जमिनीवरचा खांब आणि त्याची सावली बघा. सावली खांबाच्या दुप्पट असेल तर सूर्य साधारण २६.५ अंशांवर. तोच आकडा सन एलेव्हेशनमध्ये भरा, मग सन रोटेशनने सावलीची दिशा जुळवा. सन साइझ मुळातच ०.५४५ अंश असतो, म्हणजे आकाशातल्या खऱ्या सूर्याइतकाच. तो वाढवला की सावलीच्या कडा विरघळतात आणि ऊन ढगाआडचं वाटायला लागतं.

पहिल्याच रेंडरला (संगणकाने तयार केलेल्या चित्राला) चित्र पांढरंफटक येतं, कारण सूर्य खऱ्यासारखाच प्रखर आहे. बॅकग्राउंडची स्ट्रेंग्थ (आकाशाच्या प्रकाशाची तीव्रता) ०.१ च्या आसपास आणा किंवा एक्स्पोजर उतरवा. धुरकट सकाळ हवी तर डस्ट (५.० पासून 'एरोसोल्स') वाढवा. सूर्याभोवतीचं वलय पसरतं, ते फार सुंदर दिसतं.

उणिवाही आहेत. ढग नाहीत. क्षितिजाखाली काळोख असतो, त्यामुळे जमीन क्षितिजापर्यंत पसरली नाही तर मधे काळी पट्टी दिसते. ईव्ही या ब्लेंडरच्या झटपट रेंडर करणाऱ्या इंजिनमध्ये सूर्यबिंब मिळत नाही, वेगळा सन लाइट त्याच कोनात लावावा लागतो. सूर्य मावळल्यानंतरचा संधिप्रकाश तर फारच लवकर विझतो. त्या वेळेसाठी खऱ्या आकाशाचा एचडीआर (उजेड-अंधाराची मोठी व्याप्ती टिपणारा) फोटोच वापरावा.