ड्रायसूट आणि फेल्लेशी : ऑस्लोतल्या एका हिवाळ्याच्या वापरानंतर

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आम्ही चौघांनी चार ड्रायसूट (थंड पाण्यात कयाक चालवताना घालायचे, पाणी आत न येऊ देणारे अंगभर सूट) आणि फेल्लेशीचे, म्हणजे खाली केसाळ पट्ट्या लावलेल्या स्कीचे, चार जोड आलटून पालटून वापरले, त्याचा हा हिशेब. ऑस्लोत दोन्ही खेळ हाताशी आहेत. खाली फ्योर्ड, म्हणजे समुद्राची चिंचोळी खाडी, आणि मेट्रोची १ नंबरची लाइन स्कीसकट वर ४६९ मीटरवर, फ्रोग्नरसेटरनला नेऊन सोडते. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास असतो, म्हणून एका दिवसात दोन्ही करायचा हट्ट धरू नका. थर्मामीटर बघून ठरवा. हवा ० अंशाच्या आसपास आणि वारा सेकंदाला ५ मीटरच्या आत असेल तर कयाक. पारा उणे ४ च्या खाली गेला की स्की. शून्याला स्कीच्या पट्ट्या रुसतात आणि उणे ८ ला कयाकवरचं सगळं गोठतं, म्हणून हा नियम.

आधी ड्रायसूट, कारण पैसे तिथे जास्त जातात. नवा चांगला सूट म्हणजे स्कीचे दोन-तीन पूर्ण सेट. पहिला गैरसमज हा की सूट ऊब देतो. देत नाही. तो फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब आतल्या लोकरीची. फ्योर्डचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत ० ते ४ अंश असतं. आम्हाला पुरलेला हिशेब असा: अंगालगत पातळ मेरिनो, त्यावर जाड लोकर किंवा फ्लीसचा एकसंध सूट, पायात एक पातळ आणि एक जाड मोजा. तिसरा मोजा घातला की बूट आवळतो आणि पाय उलट गार पडतात. सुती बनियन अजिबात नको. अर्ध्या तासात घामाने भिजतं ते शेवटपर्यंत वाळत नाही. काठावर उभं असताना थोडं गार वाटलंच पाहिजे. तिथेच छान उबदार वाटत असेल तर वल्हं मारायला लागल्यावर घामाच्या धारा लागणार, आणि मग सूट गळतोय अशी तक्रार सुरू होते. गळती म्हणून सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्याहून जास्त वेळा तो घामच निघाला.

खरी गळती ओळखायची असेल तर मनगटांच्या सीलमध्ये (पाणी अडवणाऱ्या घट्ट रबरी पट्टीत) बाटल्या आणि गळ्याच्या सीलमध्ये बसेल असं स्टीलचं पातेलं घाला, चेन लावा, लघवीच्या चेनच्या फटीतून हवा भरून तीही बंद करा आणि शिवणींवर साबणाचं पाणी फासा. बुडबुडा आला तिथे पेनाने खूण. सूट वाळला की आतून अक्वासील या गोंदाचा पातळ थर आणि रात्रभर हात लावायचा नाही. हेच पातेलं नवा गळा सैल करायलाही कामी येतं. लॅटेक्सचं नवं सील गळा आवळतं. ते एक रात्र पातेल्यावर ताणून ठेवा. तरीही चक्कर आल्यासारखं वाटलं तर धारदार कात्रीने ५ मिलिमीटरची एकच कड कापा, घालून बघा, मगच दुसरी. कड वेडीवाकडी कापली गेली की तिथूनच चीर सुरू होते. आमच्यातल्या एका सूटचा गळा फेब्रुवारीत असाच उभा फाटला.

लॅटेक्सचा दुसरा शत्रू आपल्या घरातलाच: खोबरेल तेल. हिवाळ्यात अंग कोरडं पडतं म्हणून मानेला, हातांना तेल चोपडायची सवय असेल, तर कयाकच्या दिवशी ती मोडा. तेलाने रबर चिकट आणि लिबलिबीत होतं. सनस्क्रीनचंही तेच. घालताना टाल्कम पावडर, काढताना बोटांच्या पेरांनी ओढणं, नखांनी नाही. घड्याळ आणि अंगठी आधीच काढा. मनगटातून हळूहळू पाणी झिरपत असेल तर सील बहुधा ठीकच असतं, जागा चुकलेली असते. वल्हं घट्ट धरलं की मनगटाच्या शिरा वर येतात, त्यांच्या बाजूने खाचा पडतात आणि त्यातून पाणी आत येतं. सील मनगटाच्या हाडावरून दोन बोटं कोपराकडे सरकवा, आणि वल्हं सैल धरायला शिका.

चेन घातलेली दिसते आणि शेवटचा अर्धा सेंटिमीटर उघडा राहतो, ही सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात घातक चूक. म्हणून प्रत्येकाची चेन दुसऱ्याने ओढून बघायची. प्लॅस्टिकच्या चेनला टोकाशी सिलिकॉन ग्रीस, पितळेच्या चेनला दातांवर मेण. मग उकिडवे बसून गळ्याचं सील दोन बोटांनी उघडायचं आणि आतली हवा फुस्सकन बाहेर जाऊ द्यायची. ही हवा राहिली तर पाण्यात पाय वर तरंगतात.

हातांसाठी पोगी, म्हणजे वल्ह्याच्या दांड्यावर बसणाऱ्या, आत हात घालायच्या पिशव्या, दहा जाड हातमोज्यांना भारी. उघडा हात थेट दांड्यावर राहतो आणि कार्बनचा दांडा ॲल्युमिनियमएवढा गार लागत नाही. पण उलटल्यावर हात पोगीतून निघतो तो उघडाच. म्हणून लाइफ जॅकेटच्या खिशात निओप्रीनचे हातमोजे हवेतच. डोक्याला निओप्रीनचा हूड घ्या, लोकरी टोपी नाही. कानात दोन अंशांचं पाणी गेलं की वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही.

१-१०-१ हे आकडे पाठ असू द्या: पडल्यावर १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, सुमारे १० मिनिटं हात-बोटं कामाची, आणि साधारण १ तासाने थंडीने शुद्ध हरपू शकते. ड्रायसूटने शेवटचा आकडा बराच वाढतो. उघड्या बोटांचा नाही. महिन्यातून एकदा काठाजवळ मुद्दाम उलटून एकमेकांना बाहेर काढायचा सराव केला, त्यात कळलं की पोगी आणि स्प्रेस्कर्टची (कमरेभोवती घालून कयाकच्या तोंडावर ताणायच्या झाकणाची) ओढपट्टी दोन्ही एकदम शोधताना पहिलं मिनिट संपतं. ओढपट्टी बाहेर आहे ना हे निघतानाच तपासा. फोन सूटच्या आत, बॅटरी थंडीत मरते म्हणून. समुद्रावरच्या आणीबाणीचा नंबर १२०, व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६.

उणे ५ च्या खाली कयाकच्याच कुरबुरी सुरू होतात. बर्फाळ काठावरून नाव ढकलली की स्केगच्या (नावेच्या तळाला मागच्या बाजूच्या पात्याच्या) खाचेत बर्फ आणि खडे बसतात. स्केगला बोटभर दोरी बांधून ठेवा, मागचा माणूस ओढून मोकळा करतो. झाकणांचं रबर लाकडासारखं होतं. डबा आणि थर्मास आधीच हाताशी ठेवा. स्प्रेस्कर्ट काढून पाच मिनिटं ठेवला की पापडासारखा कडक. त्याला गरम पाणी लागत नाही, समुद्रात बुचकळा. हवेपेक्षा समुद्र गरम असतो. फ्योर्डच्या आतल्या बाजूला नद्यांचं गोडं पाणी वर राहतं आणि शांत रात्री काचेसारखा पापुद्रा धरतो. त्यात शिरू नका. वल्हं फसतं, उलटलं तर परत वर येता येत नाही, आणि फायबरच्या नावेचा रंग करवतल्यासारखा निघतो. होवेडोयाकडच्या बेटांभोवती फेरीबोटींचा रस्ता सोडून काठाकाठाने जाणं बरं. तारकर्लीच्या पाण्यात कयाक शिकून आलेल्यांना हे सगळं अवास्तव वाटतं. वल्हं मारणं तेच आहे. पडल्यानंतरचं सगळं वेगळं.

आता फेल्लेशी. नॉर्वेजियन माणूस स्कीला ‘शी’ म्हणतो, त्यामुळे मराठी कानाला इथे सगळा हिवाळा तक्रारीत गेल्यासारखा ऐकू येतो. फेल्लेशी म्हणजे पायाखालच्या भागात मोहेरच्या केसाळ पट्ट्या लावलेली क्लासिक स्की. केस मागे झुकलेले: पुढे घसरते, मागे धरते. मेणाचा खटाटोप नको असलेल्या नवशिक्यांसाठी हीच घ्यावी, यात आम्हा चौघांचं एकमत.

निवड उंचीपेक्षा वजनावर. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर सारखं वजन टाकून उभे राहा: पायाखालून कागद सरकला पाहिजे. एका स्कीवर सगळं वजन टाकलं की कागद अडकला पाहिजे. दोन्ही वेळा अडकला तर स्की मऊ, सपाटीवर रखडणार. दोन्ही वेळा सरकला तर कडक, चढावर मागे घसरणार. वजन पाठीवरच्या पिशवीसकट धरा. बाइंडिंग (बूट स्कीला अडकवायची पकड) सरकतं असेल तर चढाच्या दिवशी एक-दोन खाचा पुढे घेतल्याने पकड वाढते. काठी क्लासिकला उंचीच्या ८३-८५ टक्के. बूट आपल्या बोटांना जागा देणारा, एवढंच.

पट्ट्यांचं दुखणं एकच, गोळे धरणं. शून्याच्या आसपास नवा बर्फ पडत असला, किंवा ओल्या रुळातून (स्कीसाठी बर्फात पाडलेल्या खाचांतून) सावलीतल्या कोरड्या बर्फात गेलं, की केसांतलं पाणी गोठतं आणि दोन मिनिटांत पायाखाली लाडू तयार. याला उपाय आदल्या रात्रीचा आहे: पट्टीवर पाणी न धरणारं द्रव्य फासून वाळू द्या, आणि निघण्याआधी स्की १५-२० मिनिटं बाहेर गार होऊ द्या. घरातून आणलेली उबदार स्की बर्फावर टाकली की हमखास लाडू. वाटेत झालंच तर प्लॅस्टिकच्या पट्टीने टोकाकडून शेपटीकडे, केसांच्या दिशेने खरवडा. इस्त्री कधीच नाही, खालचा गोंद सुटतो. कडक, चकचकीत रुळावर मात्र ही पट्टी मागे घसरतेच, तिथे क्लिस्टर, म्हणजे चिकट मेण, लावलेला शेजारी आरामात पुढे जातो. उणे ३ ते उणे ६ च्या स्थिर थंडीत ‘ब्लू एक्स्ट्रा’ नावाचं निळं मेण, तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर बुचाने घासून, हे पट्टीपेक्षा नक्की जास्त छान चालतं. पण हे कळायला आधी चालता यायला हवं.

शिकण्याचा क्रम: पहिला तास काठ्या बाजूला ठेवा. सगळ्यांना जड जातं, पण नाहीतर माणूस काठ्यांवर लटकून चालायला शिकतो. घोट्यातून पुढे झुका, कमरेतून नाही. वजन पूर्ण एका स्कीवर; दोन्हींच्या मध्ये राहिलं की पट्टी बर्फाला टेकतच नाही, आणि पकड नाही म्हणून दोष स्कीला. चढाला माशाच्या काट्यासारखी पावलं, उताराला नांगर: टाचा बाहेर, गुडघे सैल. उतरताना रूळ सोडून नांगर सुरू करायचा तो वेग यायच्या आधी. सॉन्ग्सवान तळ्याभोवतीच्या सपाट भागात तीन-चार दिवस घालवल्याशिवाय फ्रोग्नरसेटरनच्या उतारांवर जाऊ नका. रूळ ताजे आहेत का ते स्कीस्पोरे या वेबसाइटच्या नकाशावर दिसतं. चढणाऱ्याने उतरणाऱ्याला वाट द्यायची, आणि पडलात तर आधी रुळाबाहेर लोळा, मग स्की उताराला आडव्या करून उठा.

स्कीवरही कपड्यांचं गणित तेच, फक्त एक थर कमी. निघताना गार, दहा मिनिटांनी ठीक. जाड जॅकेट पिशवीत, थांबल्यावर घालायला.

एप्रिलमध्ये रुळांवर इतरांच्या क्लिस्टरची घाण साचते आणि पट्ट्या काळ्या पडतात. पट्टीसाठीच्या क्लीनरने पुसून, वाळवून ठेवा. ड्रायसूट गोड्या पाण्याने धुऊन, आधी बाहेरून मग उलटा करून, सावलीत वाळवा. चेन उघडी, सीलवर पावडर, आणि घडी न घालता जाड हँगरवर टांगा.