चार देशांचा दौरा: युरोपात आखावा की आफ्रिकेत?

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या किंवा बेदाण्याच्या निर्यातदाराला एकाच दौऱ्यात तीन-चार देशांतील खरेदीदारांना भेटायचे असेल, तर मुंबईहून कोणते विमान धरावे हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. खरी परीक्षा त्या खंडात उतरल्यावर एका देशातून दुसऱ्या देशात जाताना होते. तेथे अंतरापेक्षाही महत्त्वाचे ठरते ते हे की, परक्या कंपन्यांना आपल्या आकाशात धंदा करण्याची मोकळीक तेथील सरकारांनी कितपत दिली आहे.

युरोपीय संघाने 1987 ते 1992 या काळात तीन टप्प्यांत नियम सैल केले आणि एप्रिल 1997 पासून सदस्य देशांच्या कंपन्यांना एकमेकांच्या देशांतर्गत मार्गांवरही मुभा मिळाली. त्यामुळेच रायनएअर ही आयर्लंडची कंपनी रोमहून पालेर्मोला प्रवासी नेऊ शकते. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की, प्रत्येक टप्प्याचे एकेरी तिकीट स्वतंत्रपणे, मिळेल त्या कंपनीचे घेता येते. मात्र स्वस्त तिकिटात बहुधा आसनाखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते. नमुन्यांच्या पेटीचे पैसे वेगळे पडतात आणि ते विमानतळावर भरले तर चांगलेच महागात जाते. शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटे असताना पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

आफ्रिकेत असाच निर्णय 1999 मध्ये आयव्हरी कोस्टमधील यामुसुक्रो येथे झाला आणि जानेवारी 2018 मध्ये 23 देशांनी एकसंध हवाई बाजारपेठेची सुरुवात केली. पुढे आणखी देश सामील झाले. परंतु अंमलबजावणी रखडली, आणि एका देशाच्या विमानाला दुसऱ्या दोन देशांदरम्यान प्रवासी नेण्याची मुभा अनेक ठिकाणी मिळत नाही. कोल्हापूर डेपोच्या पुणे गाडीने कराडला प्रवासी घेऊन साताऱ्याला उतरवू नयेत, असा नियम असता तर जे झाले असते, तेच तेथे अनेक मार्गांवर होते. इथिओपियन एअरलाइन्ससारख्या बलाढ्य कंपनीपुढे आपली राष्ट्रीय कंपनी टिकणार नाही, ही लहान देशांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण तिची किंमत प्रवासी मोजतो, आणि वर विमानतळांचे भरमसाट करही त्याच्याच माथी बसतात. शेजारच्या राजधानीला जायचे तरी पुष्कळदा तिसऱ्याच शहरातून वळसा पडतो. म्हणून आफ्रिकेत सुटी तिकिटे न घेता अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे एकाच कंपनीचे सलग तिकीट घ्यावे. केनिया, युगांडा किंवा इथिओपियाला जाणाऱ्याने पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी टोचून घ्यावी, नाहीतर भारतात परतताना अडचण येते.

मोरोक्कोचे गणित निराळे आहे. हा देश आफ्रिकेत असला तरी त्याने 2006 मध्ये युरोपीय संघाशी खुल्या आकाशाचा करार केल्याने स्पेन-फ्रान्समधून तेथे विमानांची रेलचेल आहे. तेथील स्वयंपाकात हळद असतेच, त्यामुळे हळदवाल्याने हा देश युरोपच्या दौऱ्याला जोडावा. फक्त मोरोक्कोचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि परत युरोपात यायचे असल्यास शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अनेक प्रवेशांचा असावा लागतो.

पहिलाच दौरा असेल तर माझे मत युरोप आणि मोरोक्कोच्या बाजूने आहे. ज्यांचे खरेदीदार पूर्व आफ्रिकेतच आहेत, त्यांनी एका खेपेला दोनच देश घ्यावेत आणि काही मार्गांवर विमान रोज नसल्याने, ते कोणत्या वारी आहे हे पाहूनच खरेदीदाराला भेटीची तारीख कळवावी.