शाळेच्या रिसोर्स रूमला पाचपैकी साडेतीन

माझा मुलगा चौथीत आहे आणि त्याला डिसलेक्सिया आहे, म्हणजे त्याला वाचन-लेखन जड जातं. त्याच्या शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे, त्यालाच रिसोर्स रूम म्हणतात. हा विभाग कसा आहे, असं पालक मला सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून शाळेचं नाव देत नाही.

आधी विशेष शिक्षिकेबद्दल, कारण विभागाचे निम्मे गुण एकट्या त्यांचे आहेत. मुलगा ‘घर’चं ‘धर’ वाचायचा, ‘भ’ आणि ‘म’मध्ये अडायचा. ऱ्हस्व वेलांटीने तर पार दमवलं होतं. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे ‘विमान’ समोर आलं की तो पहिल्याच अक्षरावर थांबायचा. इतरांनी त्याला ‘नीट बघून वाच’ एवढंच सांगितलं होतं. बाईंनी तो नेमका कुठे अडतो ते शोधलं. ‘वि’ हा एक अखंड आवाज म्हणून आधी कानावर घातला, मग वाळूच्या ताटात बोटाने गिरवून घेतला, गिरवताना मोठ्याने म्हणायला लावला. तो पक्का झाल्याशिवाय ‘वी’ आणला नाही. कान, डोळे आणि हात एकाच वेळी कामाला लावायची ही पद्धत अमेरिकेत डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून पुढे आली. ती चिकाटीने, क्रमाने राबवावी लागते आणि बाई तशी राबवतात. मुलगा आता दुकानांच्या पाट्या आपणहून वाचतो. हे मी कधीच विसरणार नाही.

वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे एका मुलासाठीची ध्येयं आणि मदत लिहिलेला कागद (आयईपी), मात्र आम्हाला भांडून नीट करून घ्यावा लागला. पहिल्या मसुद्यात ‘वाचनात सुधारणा होईल’ असं ध्येय होतं. असलं ध्येय गाठलं की नाही, हे कोण आणि कसं ठरवणार? आम्ही बसून ते बदललं: सत्राअखेर अनोळखी उताऱ्यातले वेलांटीचे दहापैकी आठ शब्द मदतीशिवाय वाचेल. आता बाई ठरावीक काळाने तपासतात, वहीत नोंद करतात आणि आम्हाला दाखवतात. तुमच्या हातात आयईपी आला की प्रत्येक ओळीपुढे ‘कशावरून कळणार?’ असं लिहून बघा.

खरी अडचण रिसोर्स रूमच्या दाराबाहेर सुरू होते. बाईंनी लिहून दिलंय की याला फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नका, छापील टिपण द्या. विषयशिक्षकांपैकी काहींनी तो कागद पाहिलेलाच नव्हता. वर, रिसोर्स रूमचा तास विज्ञानाच्या तासाला टाकलेला. विज्ञान हा त्याचा सगळ्यात आवडता विषय! प्रयोग बघायचे राहून जायचे, मग तोंड पाडून घरी यायचा. वाचनाची मदत मिळावी म्हणून मुलाने ज्यात तो पुढे आहे तेच गमवायचं, हे मला अजिबात मान्य नाही. वेळापत्रक बदललं, पण फार उशिरा.

आणि सहायक ताई. वर्गात त्याच्या शेजारी माणूस बसणार म्हटल्यावर आम्हाला हायसं वाटलं होतं. ताई मायाळू आहेत, पण शब्द अडला की त्या कानात सांगून मोकळ्या व्हायच्या. हळूहळू त्याने वर्गशिक्षिकेकडे बघणंच सोडलं आणि वर्गशिक्षिकेनेही त्याला प्रश्न विचारणं सोडलं. हा फक्त आमचा अनुभव नाही. शिक्षण-संशोधक पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्समधल्या शाळांचा मोठा अभ्यास केला, तो 2009 साली पूर्ण झाला. वर्गसहायकांची मदत जास्त मिळणाऱ्या मुलांची प्रगती, तशाच पण कमी मदत मिळणाऱ्या मुलांपेक्षा कमी दिसली. मुलांची आधीची पातळी आणि विशेष गरजा लक्षात घेऊनही हे चित्र बदललं नाही. दोष सहायकांचा नव्हता. त्यांना पुरेशी तयारी न देता मुलाची सगळी जबाबदारी सोपवली जाते आणि मूल शिक्षकापासून तुटतं, हे संशोधकांनी दाखवलं. आम्ही शाळेला विनंती केली, आता ताई मागच्या बाकावर बसतात. त्याने हात वर केला तरच येतात आणि आधी विचारतात, ‘तू काय करून बघितलंस?’ तो वर्गशिक्षिकेला थेट शंका विचारू लागलाय. मदतीचा मोठा भाग कमी केल्यावर हे झालं, म्हणून शाळा दाखवताना ‘प्रत्येक मुलामागे एक सहायक’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर जरूर थांबून विचारा की तो सहायक नेमकं काय करतो.

रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्यांवर विभागाने उगाच खर्च केलाय. अक्षरांवर पट्टी ठेवली की डिसलेक्सिया कमी होतो याला आधार नाही, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 सालीच संयुक्त निवेदनात सांगितलं आहे. त्या पैशात मुलांना ऐकायची पुस्तकं आली असती.

परीक्षेच्या सवलतींना मात्र पूर्ण गुण. जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणं, विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण न कापणं, सगळं न मागता मिळतं. फक्त कार्यालयात ‘आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो’ असा सूर असतो, तो बंद व्हायला हवा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या करारातलं 24वं कलम हे साहाय्य मुलाचा हक्क मानतं, आणि तेही सर्वसामान्य शिक्षणव्यवस्थेच्या आत. पालकाने दर वेळी आभाराचं ओझं घेऊन का उभं राहायचं?

पुढच्या वर्षी सगळे शिक्षक बदलतील. मुलाला काय जमतं, काय जड जातं आणि काय करायचं, याचं एक पानी टिपण पहिल्या आठवड्यातच प्रत्येक विषयशिक्षकाला द्यायचं शाळेने लेखी कबूल केलंय. ते खरंच झालं, तर अर्धा गुण वाढवून इथेच लिहीन.